तारीख पुढे गेली तरी

मे २०२३, शांघाय. तिरंदाजी विश्वचषकात कंपाउंड धनुष्याची पुरुषांची अंतिम लढत. एका बाजूला जगात पहिल्या क्रमांकावर असलेला नेदरलँड्सचा माइक श्लोसर, दुसऱ्या बाजूला बुलढाण्याचा एकोणीस वर्षांचा प्रथमेश जवकार. अंतर पन्नास मीटर, बाण पंधरा. दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, चहाच्या बशीपेक्षाही लहान. प्रथमेशने दीडशेपैकी १४९ घेतले, श्लोसरने १४८.

सप्टेंबरात मेक्सिकोतल्या हर्मोसिओला विश्वचषकाची अंतिम फेरी झाली. उपांत्य लढतीत पुन्हा श्लोसर होता. या वेळी प्रथमेशचा एकही बाण ढळला नाही, दीडशेपैकी दीडशे. पण सुवर्णाच्या लढतीत १४८-१४८ अशी बरोबरी झाल्यावर एका जादा बाणाने डेन्मार्कच्या माथियास फुलर्टनने बाजी मारली. महिनाही उलटला नाही तोच हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि ओजस देवतळे यांच्यासोबत त्याने कोरियाला २३५-२३० असं हरवून सांघिक सुवर्ण मिळवलं.

हे सगळं ज्या प्रकारात घडलं, तो तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हताच. ऑलिंपिकला फक्त रिकर्व्ह धनुष्य चालायचं. एप्रिल २०२५मध्ये कंपाउंडला लॉस एंजेलिस २०२८साठी जागा मिळाली, तीही केवळ मिश्र सांघिक प्रकारात. दार उघडेल की नाही हे ठाऊक नसताना गुणफलक मात्र दर आठवड्याला हातात असतो, आणि टिकून राहायला तो पुरतो, असं या मुलाकडे पाहून ठामपणे म्हणावंसं वाटतं.

स्पर्धा परीक्षांसाठी बुलढाण्याच्या अभ्यासिकांत बसणाऱ्यांना हे सांगायची गरज आहे, कारण त्यांच्यावर आलेली वेळ फार जुनी नाही. राज्यसेवेची ५ एप्रिल २०२०ची पूर्व परीक्षा आधी कोरोनामुळे, मग आरक्षणाच्या पेचामुळे पुढे पुढे ढकलली गेली. १४ मार्च २०२१ची तारीखही अवघे तीन दिवस आधी रद्द झाली. मुलं पुण्यात रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे २१ मार्चला पेपर झाला. जवळजवळ वर्षभर खोलीभाडं आणि मेसचे पैसे चालूच होते. गावाकडे घरची भिस्त सोयाबीन-कपाशीवर, म्हणजे पावसावर.

ज्यांनी ते वर्ष काढलं त्यांच्याकडून घेण्यासारखं बरंच आहे. परीक्षेच्या तारखेवर बेतलेलं वेळापत्रक तारीख हलली की कोसळतं. आठवड्याला किती सराव पेपर सोडवले आणि कोणत्या विषयात गुण अडकले, हे वहीत लिहिणाऱ्याचा अभ्यास चालू राहतो. भरतीसाठी ग्राउंड मारणाऱ्यांनीही जाहिरातीची वाट न पाहता सोळाशे मीटरची वेळ दर आठवड्याला घड्याळावर मोजावी.

दुसरी गोष्ट अवघड, पण अधिक महत्त्वाची. किती वर्षं आणि किती पैसे लावायचे, हे घरच्यांसमोर आधीच मोकळेपणाने ठरवावं. हातात एखादं काम ठेवावं, शिकवणी असो की तालुक्याच्या गावातली अर्धवेळ नोकरी. ठरलेली मुदत संपली की पुन्हा बसून बोलावं, आणि त्या बैठकीत आईलाही बसवावं. कारण खर्चाची ओढाताण सर्वांत आधी तिच्या हाताला जाणवते.