थेंबांची बाटली आणि ओव्याची पुरचुंडी

चि. सोनूस,


परवा फोनवर तुझा आवाज गेंगाणा वाटला. सर्दी आहे, थेंब घालतोय म्हणालास. कधीपासून, तर म्हणे तीन आठवडे! अरे, साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. आता जे छळतंय ते थेंबांचंच असणार.

नाक चोंदतं ते नुसत्या शेंबडाने नाही. आतल्या रक्तवाहिन्या फुगून वाट अरुंद होते, म्हणून कितीही शिंकरलं तरी सुटत नाही. ऑक्सिमेटाझोलिनसारखे थेंब त्या वाहिन्या आवळतात आणि काही मिनिटांत हुश्श वाटतं. पण ते फार दिवस घातले की औषध उतरताच वाहिन्या दुप्पट हट्टाने फुगतात, हात पुन्हा बाटलीकडे जातो. तीन दिवस, फार तर पाच, एवढीच त्यांची मुदत. डॉक्टरांना विचारून बंद कर. एकदम जमलं नाही तर आधी एका नाकपुडीत थांबव, ती मोकळी झाली की दुसरीत.

मधल्या रात्रींसाठी तुझ्या आजीची पुरचुंडी. चमचाभर ओवा कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंत भाजायचा, सुती फडक्यात बांधायचा, तळहातावर चुरडून हुंगायचा. गाल-कपाळ शेकायचं असेल तर आधी मनगटाला लावून बघ. ओव्यातल्या थायमॉलचा तो झणका. सूज त्याने उतरत नाही, हेही सांगून ठेवते. पुदिन्याच्या अर्काचंही तसंच: मेंथॉल नाकातल्या नसांना गारवा भासवतो, वाट तेवढीच राहते. असू दे, झोप तर लागते! कापूर मात्र पुरचुंडीत घालू नकोस. ताईच्या बाळाजवळ तर मुळीच नको. पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात.

वाफारा घ्यायचा तर पातेलं टेबलावर, पलंगावर नाही. सातवीत मी ते मांडीवर घेऊन बसले आणि चादर ओढताना कलंडलं. माझ्या पायावरचा डाग तू लहानपणी बोटाने गिरवायचास, तो हाच.

खरा गुण मिठाच्या पाण्याचा. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ दे, त्यात पाऊण चहाचा चमचा मीठ. चव अश्रूंइतकी खारट लागली पाहिजे. नळाचं पाणी न उकळता नाकात कधीही घ्यायचं नाही. रात्री दोन उशा घे आणि चोंदलेली बाजू वर करून कुशीवर झोप. जेवायला कुळथाचं कढण, आमसूल टाकून, गरमगरम. हळदीच्या दुधावर माझा फारसा विश्वास नाही, पण आईला सांगू नकोस.

ताप आला, गाल ठणकू लागला किंवा एकाच बाजूने घाण वासाचं पिवळं येऊ लागलं, तर ओवा-बिवा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठ.

ओवा तिथे मिळेलच. फडक्यांसाठी आजीच्या जुन्या नऊवारीचे चौकोन फाडून ठेवलेत, उद्याच्या पार्सलात कुळथाबरोबर घालते.

तुझी,
आत्या