वजन अकारण बदलते तेव्हा

मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, हृदयविकार अशा दीर्घकाळ चालणाऱ्या व्याधी आज घरोघरी आढळतात. गोळ्या वेळेवर घेतल्या आणि साखर तपासली की आपले काम संपले, असे आपण समजतो. परंतु वजनाकडे मात्र आपले लक्ष नसते. आहारात वा हिंडण्याफिरण्यात बदल न करता वजन घटू किंवा वाढू लागले, तर त्याचा अर्थ काय, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नाही, बँकेतील साधे लिपिक आहोत. घरातील अनुभवाने जे शिकविले आणि डॉक्टरांनी जे समजावून दिले, तेवढेच येथे मांडीत आहोत.

आमच्या मातोश्रींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. एके वर्षी चार महिन्यांत त्यांचे वजन ६२ किलोवरून ५५ वर आले. नातेवाईक म्हणाले, "बाई, पथ्य फळाला आले!" आम्हालाही आनंदच झाला. पोलके सैल झाले, संध्याकाळी अंग कोमट लागू लागले, तरी आम्ही ते वयावर ढकलले. अखेर डॉक्टरांनी जुन्या चिठ्ठ्या एकापुढे एक मांडल्या. प्रत्येक चिठ्ठीवर वजन लिहिलेले होते, पण ते ताडून कोणी पाहिलेच नव्हते. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या औषधाने त्या बऱ्या झाल्या. मात्र ग्राहकाच्या पासबुकात दहा रुपयांचा फरक पडला तर दिवसभर शोधणाऱ्या आम्हाला आईचे सात किलो कुठे गेले, हे विचारावेसे वाटले नाही, ही खंत राहिली.

वजन घटण्याची कारणे अनेक आहेत. साखर फार वाढली की ती लघवीवाटे वाहून जाते. अन्न पोटात जाऊनही अंगी लागत नाही आणि शरीर स्वतःची चरबी व स्नायू जाळू लागते. अशा वेळी तहान व लघवी वाढते. थायरॉईड ग्रंथीचे काम जास्त झाले, तरी वजन उतरते. मधुमेहींना क्षयरोगाचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो. कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार किंवा मनाची उदासीनता यांमुळेही माणूस खंगतो. काही औषधेही वजन उतरवितात. मेटफॉर्मिनने काहींची भूक मंदावते, तर डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी साखर लघवीतून बाहेर टाकते. म्हणून "नवे औषध कधी सुरू झाले?" हा प्रश्न प्रथम विचारावा.

वजन वाढण्याचेही तसेच आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईड सुरू झाल्यावर वाया जाणारी साखर अंगी लागते व वजन थोडे वाढते. साखर वारंवार खाली जाऊन पुन्हापुन्हा खावे लागत असेल, तर मात्रा तपासून घ्यावी लागते. थायरॉईडचे काम मंदावणे आणि स्टिरॉईडची औषधे हीदेखील कारणे आहेत. परंतु दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, घोट्यावर बोट दाबल्यास खळगा पडू लागला, आडवे झाल्यावर धाप लागली, तर ती चरबी नव्हे. अंगात साठलेले पाणी आहे. हृदय वा मूत्रपिंड थकल्याची ती खूण असू शकते. तेथे एक दिवसही थांबू नये.

मग किती फरकाला महत्त्व द्यावे? प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजनाचा विसावा भाग, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे तीन किलो घटले, तर डॉक्टरांना दाखवावे. मूळचा माणूस जाड असला तरी हा नियम बदलत नाही. घट होत असताना उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास व ग्लानी आली तर थेट रुग्णालय गाठावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासावी. सरकारी केंद्रात ही तपासणी व क्षयाचा औषधोपचार मोफत होतो.

यासाठी घरात एक साधी वही ठेवावी. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे. हृदयविकार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज करावे. तारीख, वजन, साखर, औषधातील बदल आणि भूक असे पाच रकाने पुरेत. डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्यावी. मात्र वजन बदलले म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करू नये, इन्सुलिनची मात्रा कमीजास्त करू नये.

आपल्या आयाबहिणी स्वतःचे दुखणे सांगत नाहीत. घरचे सगळे जेवल्यावर उरलेले खातात आणि बारीक झाल्या तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. तेव्हा वहीतील पहिले पान त्यांच्या नावाचे असावे. आजच घरातील वडीलधाऱ्यांचे वजन करून तारखेसह लिहून ठेवावे, एवढीच वाचकांना नम्र विनंती.