फांदी करवत का पकडते?

परसातील झाडांची छाटणी म्हटली की आपल्याकडे कोयता, कुऱ्हाड किंवा हातकरवत बाहेर निघते. अलीकडे त्यांच्या जोडीला एक नवे अवजार आले आहे. ते म्हणजे बॅटरीवर चालणारी छोटी चेनसॉ, अर्थात साखळीची करवत. शेती-अवजारांच्या दुकानात ती तुम्ही पाहिली असेल. पट्टीची लांबी १० ते १५ सेंमी, वजन बॅटरीसकट एक ते दीड किलोग्रॅमच्या आसपास, आवाजही बेताचा. एका हातात मावत असल्यामुळे ती खेळण्यासारखी वाटते, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

ही करवत घेऊन जो पहिल्यांदा फांदी कापायला जातो त्याला बहुधा दोनपैकी एक अनुभव येतो. खालून कापायला घेतले तर करवत मध्येच फांदीत अडकून बसते. मग ओढा, हलवा, शिव्या द्या, ती निघत नाही. वरून कापले तर फांदी अर्धी कापून होते न होते तोच कडाडते आणि खाली येताना खोडाची वीतभर साल सोलून नेते. दोन्ही वेळा दोष यंत्राला दिला जातो. खरे कारण फांदीत असते, आणि ते समजायला शाळेतले पदार्थविज्ञान पुरते.

आधी एक प्रयोग करा. जुन्या रबरी स्लिपरच्या तळव्यातून वीतभर लांब आणि दोन बोटे रुंद पट्टी कापून घ्या. तिचा एक भाग टेबलावर ठेवून त्यावर जाड पुस्तकांचे वजन ठेवा. उरलेला भाग टेबलाबाहेर राहू द्या. टेबलाच्या कडेजवळ पट्टीला ब्लेडने वरून एक खाच द्या, जाडीच्या साधारण एक तृतीयांश खोल. तिच्यापासून दोन सेंमी बाहेरच्या बाजूला तेवढीच खाच खालून द्या. दोन्ही खाचांत पोस्टकार्डाचे तुकडे सरकवा आणि पट्टीचे मोकळे टोक बोटाने खाली दाबा. वरची खाच आ वासेल आणि तिच्यातले कार्ड सहज निघेल. खालची खाच मिटेल आणि कार्ड घट्ट धरून ठेवील.

असे का झाले? पट्टी वाकली तेव्हा तिचा वरचा पृष्ठभाग ताणला गेला आणि खालचा दाबला गेला. मधोमध एक थर असा असतो की जो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. त्याला तटस्थ थर म्हणतात. खोडातून आडवी निघालेली फांदी म्हणजे अशीच एका टोकाला पकडलेली पट्टी. स्वतःच्या वजनाने ती सदैव वाकलेली असते. तिच्या वरच्या बाजूचे तंतू ताणाखाली आणि खालच्या बाजूचे दाबाखाली असतात. दाबाखालच्या बाजूने करवत घातली की जसजसे लाकूड निघून जाते तसतशा खाचेच्या दोन भिंती जवळ येतात आणि पट्टी चिमट्यात सापडते.

मात्र 'वरून कापा, खालून कापू नका' असा नियम पाठ करू नका. तीच फांदी तुटून दोन दगडांवर टेकून पडली असेल तर सगळे उलटते. आता मध्यभागी वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. वरून कापणाराच अडकतो. वाऱ्याने वाकून दुसऱ्या झाडात गुंतलेली फांदी तर आणखी तिसऱ्याच दिशेने ताणलेली असू शकते. म्हणून कापण्यापूर्वी विचारायचा प्रश्न एकच: मी इथे खाच दिली तर ती उघडेल की मिटेल?

करवत अडकली की यंत्रात काय घडते तेही पाहू. मोटर फिरत असताना ती स्वतःच जनित्रासारखे वागून विरोधी विद्युतचालक बल निर्माण करते, त्यामुळे धारा मर्यादित राहते. साखळी अडकली, मोटर थांबली, की हे विरोधी बल शून्य होते. समजा, मोटरीचा रोध ०.१ ओहम आहे आणि बॅटरी १८ व्होल्टची. कापताना १२ अँपिअर धारा वाहत असेल तर मोटरीत उष्णता निर्माण होण्याचा वेग १२ × १२ × ०.१, म्हणजे सुमारे १४ वॅट. थांबलेल्या मोटरीत धारा १८० अँपिअरपर्यंत जाऊ पाहते आणि तोच आकडा ३,२४० वॅट होतो! चांगल्या यंत्रात असे होण्याआधीच इलेक्ट्रॉनिक मंडल धारा तोडते. हलक्या प्रतीच्या यंत्रात मोटरीचा वास येतो. अडकलेली करवत सोडवण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी ती मात्र दुसऱ्याच कारणासाठी. फांदी उचलताच चिमटा सुटतो, आणि बोट चापावर राहिले असेल तर साखळी त्याच क्षणी धावू लागते.

बॅटरीबद्दल एक गंमत सांगतो. दुकानात एकावर '१८ व्होल्ट' आणि शेजारच्या दुसऱ्यावर '२१ व्होल्ट' लिहिलेले असते आणि गिऱ्हाईक मोठा आकडा उचलतो. पुष्कळदा आत दोन्हींत लिथियम-आयन प्रकारचे पाचच घट एकसरीत जोडलेले असतात. एका घटाचे सरासरी विभवांतर ३.६ व्होल्ट, पूर्ण भारित असताना ४.२ व्होल्ट. पाचने गुणून पाहा, म्हणजे दोन्ही आकडे कुठून आले ते कळेल. खरी तुलना ऊर्जेची करावी. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॅट-तास, म्हणजेच १,२९,६०० जूल. एवढ्या ऊर्जेने ५० किलोग्रॅमच्या मुलाला २६० मीटरहून अधिक उंच उचलता येईल. मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या तिप्पट! हे सारे तळहातावर मावणाऱ्या पेटीत. तेवढ्याच ऊर्जेची स्कूटरमधली शिशाची बॅटरी घेतली तर तिचेच वजन किलोग्रॅमच्या घरात जाते. हे घट १९९१ साली बाजारात आले आणि त्यांच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्याशिवाय ही करवत खांद्यावरच्या झोळीत मावली नसती.

आता साखळीकडे वळू. तिच्या दात्यांचा आजचा आकार एका किड्याकडून आला आहे. अमेरिकेतील ओरेगन राज्यात लाकूडतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ कॉक्स याने १९४६ मध्ये एका भुंगेऱ्याची अळी लाकूड पोखरताना पाहिली. तिचे वाकडे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे चावत तंतूंच्या उभे-आडवे सहज पुढे जात होते. त्याने साखळीला तसेच आळीपाळीने डावे-उजवे वाकडे दाते दिले. प्रत्येक दात्यापुढे एक बुटका उंचवटा असतो. दाता किती खोल चावणार हे तो ठरवतो. धार चांगली असली तर चपट्या ढलप्या पडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे. तेवढेच लाकूड जास्त बारीक करायचे म्हणजे जास्त नवा पृष्ठभाग तयार करायचा, आणि त्याची किंमत बॅटरी मोजते.

साखळी पट्टीच्या वरच्या कडेने पुढे जाते, टोकाला वळसा घेते आणि खालच्या कडेने आपल्याकडे येते. खालच्या कडेने कापताना दाते लाकूड आपल्याकडे ओढतात, म्हणून न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार करवत लाकडाकडे ओढली जाते. हे सोयीचे. पण टोकाचा वरचा भाग फांदीला टेकला तर? तिथे दाते पुढे आणि खाली जात असतात. म्हणून प्रतिक्रिया पट्टीला मागे आणि वर, म्हणजे सरळ तोंडाकडे, फेकते. लहान करवतीच्या साखळीचा वेग सेकंदाला सुमारे ८ मीटर धरा. माणसाला काही कळून हात आवरायला ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात साखळी १.६ मीटर धावते. ३५ सेंमीच्या साखळीच्या चारपेक्षा जास्त फेऱ्या होतात. मोठ्या करवतींना अशा वेळी साखळी थांबवणारा ब्रेक असतो, बऱ्याच छोट्या करवतींना नसतो. शिवाय एक हात मोकळा राहतो आणि तो नकळत फांदी धरायला जातो. माझ्या मते या अवजाराचा सर्वांत मोठा धोका तो मोकळा हातच. हे यंत्र मुलांनी चालवायचे नाही. घरातले मोठे माणूस चालवत असेल तर डोळ्यांवर चष्मा, हातांत मोजे, पायांत बूट आहेत ना, जवळून वीजतार जात नाही ना, आणि ते शिडीवर उभे तर नाहीत ना, हे मात्र तुम्ही जरूर पाहा. शहरात राहत असाल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे झाड तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मोठी फांदी काढण्याआधीही पालिकेत विचारून घ्यावे.

राहिली ती सोललेली साल. बुडाशी ६ सेंमी जाड, २ मीटर लांब आणि पानांसकट १० किलोग्रॅम वजनाची फांदी घेऊ. तिचा गुरुत्वमध्य खोडापासून १ मीटरवर मानला तर बलाचे आघूर्ण ९८ न्यूटन-मीटर येते. ते पेलायला वरच्या अर्ध्या भागाचा ताण आणि खालच्या अर्ध्या भागाचा दाब मिळून एक बलयुग्म तयार होते. त्यांच्यातले अंतर ढोबळपणे साडेतीन सेंमी. म्हणजे प्रत्येक बल ९८ भागिले ०.०३५, सुमारे २,८०० न्यूटन; जवळजवळ २८५ किलोग्रॅम वजनाइतके! आता वरून अर्धी जाडी कापली की हे अंतर निम्मे होते, म्हणून बल दुप्पट होते. ते पेलणारे क्षेत्रफळही निम्मे राहते, म्हणून प्रत्येक तंतूवरचा ताण चौपट होतो. तंतू तटातट तुटू लागतात आणि फाट तंतूंच्या दिशेने, म्हणजे खोडाकडे, धावते. शेवग्यासारख्या ठिसूळ झाडात हे विशेष पाहायला मिळते.

उपाय तीन छेदांचा. पहिला छेद खोडापासून सुमारे ३० सेंमीवर, खालून, जाडीच्या एक चतुर्थांश. अधिक खोल गेलात तर चिमटा बसणार हे आता तुम्हाला ठाऊक आहे. हा छेद हातकरवतीनेच द्यावा असे मी म्हणेन. दुसरा छेद त्याच्या दोन-तीन सेंमी बाहेर, वरून. फांदी तुटताना फाट पहिल्या छेदापाशी येऊन थांबते. उरलेल्या खुंटाला वजन जवळजवळ नसते, म्हणून तिसरा छेद खोडाजवळ निवांतपणे देता येतो.

तो नेमका कुठे द्यावा? फांदीच्या बुडाशी एक फुगीर वेढा असतो. पूर्वी तो छाटून खोडाबरोबर सपाट कापण्याची रीत होती. अमेरिकन वनशास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चेनसॉनेच उभी चिरून आत कुजण्याची वाट कशी जाते ते तपासले. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही, झाड तिच्याभोवती भिंत उभारून तिला कोंडून टाकते, आणि फांदीच्या बाबतीत ही भिंत त्या वेढ्यातच तयार होते, असे त्यांना आढळले. म्हणून वेढा शाबूत ठेवून त्याच्या लगेच बाहेर कापावे. खुंट लांब ठेवू नये, कारण तो वाळून कुजतो. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासण्याची गरज नाही.

छेद बरोबर जागी दिला गेला की नाही हे झाडच काही महिन्यांत दाखवते. कडेने सालीचे एक नवे वलय आत सरकू लागते. बरोबर कापलेल्या जागी ते चारही बाजूंनी सारखे येते. वेढा कापला गेला असेल तर वर-खाली खंड पडतो. तुमच्या परसातली किंवा शाळेच्या आवारातली एखादी ताजी कापलेली फांदी निवडा, दर महिन्याच्या एक तारखेला उघड्या लाकडाचा उभा आणि आडवा व्यास पट्टीने मोजा आणि पाऊस सुरू होण्यापूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांचा आलेख काढून पाहा.