क्रीडागुरू रमाकांत आचरेकर

(मैदानावर नाव गाजते ते खेळाडूचे. त्याला घडवणारा प्रशिक्षक मात्र सीमारेषेबाहेर उभा असतो. अशाच एका प्रशिक्षकाचा परिचय या पाठात करून दिला आहे.)

मुलांनो, आपल्या कोहमाऱ्यात क्रिकेट खेळणाऱ्या कोणत्याही मुलाला सचिन तेंडुलकर हे नाव ठाऊक असते. पण सचिनचे उस्ताद कोण होते? ते होते रमाकांत आचरेकर.

आचरेकर सर स्टेट बँकेत नोकरी करत. खेळाडू म्हणून त्यांच्या वाट्याला प्रथम श्रेणीचा एकच सामना आला. तरी त्यांनी मैदान सोडले नाही. मुंबईच्या शिवाजी पार्कवर ते मुलांना शिकवू लागले.

सचिन 11 वर्षांचा असताना मोठा भाऊ अजित त्याला सरांकडे घेऊन आला. जास्त सामने खेळता यावेत म्हणून सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. सरावात ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला बाद करणाऱ्या गोलंदाजाला ते मिळे. तो बाद झाला नाही, तर नाणे त्याचे होई. अशी 13 नाणी त्याने जिंकली.

एकदा सरांनी ठरवलेला सामना सोडून सचिन शाळेच्या मोठ्या संघाचा खेळ पाहायला गेला. सरांनी सर्वांसमोर त्याची कानउघाडणी केली. इतरांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोक तुझ्यासाठी टाळ्या वाजवतील असे खेळ, असे त्यांनी बजावले.

सर तोंडावर स्तुती करत नसत. स्तुतीने मूल सुस्तावेल, अशी त्यांना काळजी वाटे. 16 नोव्हेंबर 2013 रोजी निरोपाच्या भाषणात सचिन म्हणाला, की 29 वर्षांत सर कधी 'छान खेळलास' म्हणाले नाहीत. आता सामनेच उरले नाहीत, तेव्हा म्हणायला हरकत नाही!

बलविंदरसिंग संधू, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, अजित आगरकर हेही सरांचेच शिष्य. सरांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि 2010 मध्ये पद्मश्री मिळाली. 2 जानेवारी 2019 रोजी त्यांचे निधन झाले. स्वतः एकच सामना खेळलेल्या या गुरूने देशाला अनेक खेळाडू दिले.

शब्दार्थ
सराव – मश्क. सीमारेषा – हद्द. यष्टी – स्टंप. कानउघाडणी करणे – चूक दाखवून रागावणे. स्तुती – तारीफ

स्वाध्याय
1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आचरेकर सर कोठे नोकरी करत?
(आ) सर यष्टीवर काय ठेवत?
2. सर सचिनवर का रागावले, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
3. शाबासकी न देता शिकवणे तुम्हांला योग्य वाटते का? वर्गात चर्चा करा.