नव्या काचपेटीत मासे सोडण्यापूर्वी

अंधेरीच्या पश्चिमेस वर्सोव्याला कोळ्यांची जुनी वस्ती आहे, व १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थाही तेथेच आहे. अशा भागातदेखील हौसेने आणलेले शोभेचे मासे पहिल्या पंधरवड्यातच दगावतात, ही नित्याची तक्रार होय. दोष बहुधा विक्रेत्यास दिला जातो. वास्तविक पेटी, पाणी व मासे ही तिन्ही एकाच दिवशी घरात येतात, हेच पुष्कळदा मूळ कारण असते. जोडधंदा म्हणून शोभेचे मासे वाढवू पाहणाऱ्या शेतकऱ्याचे तर यात भांडवलच बुडते.

कच्चे शेण पिकाच्या मुळाशी घातल्यास पीक करपते, कुजलेले खत मात्र मानवते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. काचपेटीतही तोच प्रकार घडतो. माशांची विष्ठा व उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. तो माशांस विषासमान आहे. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट बनवितात. तेही घातक, त्याने माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते. दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, व ते बेताच्या प्रमाणात निरुपद्रवी असते. जमिनीत नत्राचे रूपांतर याच रीतीने होते. नव्या पेटीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच.

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशा पेटीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. म्हणजे पाण्याचेच वजन ५४ किलो झाले. काच व वाळू निराळी. तेव्हा बैठक भक्कम व सपाट असावी, आणि पेटी थेट उन्हात ठेवू नये, अन्यथा शेवाळ माजते. प्रथम पेटी भरून एक दिवस गळती पाहावी. तळाशी घालावयाची जाड वाळू गढूळपणा जाईपर्यंत धुवावी. साबण मुळीच वापरू नये. वाळूवर लिंबू पिळून फेस आल्यास तीत शिंपल्यांचा चुना आहे असे समजावे. अशी वाळू पाणी जड करते.

मुंबईस तानसा, वैतरणा, भातसा इत्यादी जलाशयांचे पाणी क्लोरीन घालून पुरविले जाते. माणसास हितकर असलेला हा क्लोरीन माशांच्या कल्ल्यांस इजा करतो व वरील जिवाणूंसही मारतो. नळाचे पाणी उघड्या पिंपात चोवीस तास ठेवल्यास तो उडून जातो. हवेचा पंप लावल्यास अधिक लवकर. मात्र पिंपावर व पेटीवर बारीक जाळी बांधावी. डासांची पैदास थांबविण्यासाठी ज्या शहरात गप्पी मासे पाण्यात सोडले जातात, तेथे मासे पाळण्याच्या निमित्ताने डास पोसणे शोभत नाही!

यानंतरचे काम धीराचे आहे. पेटीत पाणी भरून फिल्टर अहोरात्र चालू ठेवावा आणि एक-दोन दिवसांआड चिमूटभर खाद्य टाकावे. ते कुजून अमोनिया होतो व त्यावर जिवाणू वाढतात. यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. निरोगी जुन्या पेटीतील मूठभर वाळू किंवा फिल्टरचा स्पंज मिळाल्यास, दह्याला विरजण लावावे तसा, हा काळ कमी होतो. पाणी नितळ दिसते म्हणून ते तयार झाले असे मानू नये. अमोनिया व नायट्राइट डोळ्यांस दिसत नाहीत. तपासणीसंच मिळतो, त्यात दोन्ही शून्य व नायट्रेट आढळले म्हणजे पेटी पक्व झाली. वीज वाचविण्यासाठी फिल्टर रात्री बंद ठेवल्यास प्राणवायूअभावी जिवाणू मरू लागतात. तसेच स्पंज नळाखाली न धुता पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा.

प्रारंभी दोन-तीनच काटक मासे, उदाहरणार्थ गप्पी, आणावेत. गोल्डफिश घाण फार करतो, म्हणून लहान पेटीस तो योग्य नव्हे. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीतील पाण्यावर तरंगत ठेवावी, थोडथोडे पाणी तीत मिसळावे व मासा जाळीने उचलून सोडावा. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये. पुढील मासे दोन आठवड्यांनी, पाणी पुन्हा तपासून आणावेत. दर आठवड्यास सुमारे चतुर्थांश पाणी बदलावे. काढलेल्या पाण्यात नत्र असल्याने ते कुंडीतील तुळशीस किंवा परसातील भाजीस घालण्यास उत्तम.