भांडण दहा मिनिटांचं, पित्त महिनाभराचं

ऑफिसात कुणी डोक्याला ताप झालं की आपण त्याचं गाऱ्हाणं चहाच्या टपरीवर मांडतो आणि डोकं खरोखर दुखायला लागलं की डॉक्टरकडे जातो. दोन्ही गाऱ्हाणी एकाच माणसाची आणि बहुतेकदा एकाच आठवड्यातली असतात, पण ती एका जागी सांगितली जात नाहीत. दवाखान्यात मान आखडते, छातीत जळजळतं, झोप लागत नाही, सर्दी हटत नाही एवढंच बोललं जातं. शेजारच्या टेबलावरचा माणूस आपलं काम स्वतःच्या नावावर खपवतो, किंवा साहेब चारचौघांत पाणउतारा करतात, हे सांगायला संकोच वाटतो. तो संकोच सोडा, ही माझी पहिली विनंती. दुसरं म्हणणं जरा वेगळं आहे आणि आजचा लेख त्यासाठीच आहे: शरीराला भांडणापेक्षा भांडणानंतरचे तास जास्त बाधतात.

हे ज्यावरून म्हणतो तो पुरावा सर्दीचा आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांनी 1998 साली 276 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले आणि त्यांना काही दिवस वेगळं ठेवून कोण आजारी पडतं ते पाहिलं. विषाणू सगळ्यांना दिला, पण सर्दी सगळ्यांना झाली नाही. ज्यांच्या आयुष्यात महिनाभर किंवा त्याहून जास्त काळ चाललेला ताण होता, त्यांना ती होण्याची शक्यता जास्त निघाली. महिन्याच्या आत मिटलेल्या ताणाचा असा परिणाम दिसला नाही, मग तो ताण कितीही तीव्र असो. त्या ताणांत आघाडीवर होती जवळच्या माणसांशी बिनसलेली नाती आणि बेकारी. आता ऑफिसातला सहकारी म्हणजे काही नातेवाईक नव्हे, हे मान्य. पण दिवसाचे आठ-नऊ तास ज्याच्या शेजारी काढायचे, त्याच्याशी धरलेला अबोला महिनोन् महिने चालत असेल तर शरीराच्या हिशेबात तो फार लांबचा राहत नाही.

हे कसं घडतं ते समजून घ्या. राग आला की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, पोटाचं काम मंदावतं. प्रसंग सरला की हे सगळं ओसरतं, तशीच त्याची रचना आहे. पण रात्री जेवताना ग्रुपवरचा तो मेसेज पुन्हा उघडला, ‘मी तेव्हा असं म्हणायला हवं होतं’ हे मनात घोळवत बसलं, की शरीर तोच प्रसंग पुन्हा भोगतं. आत्ता, हे वाचताना, एक गोष्ट तपासा. ओठ मिटलेले असताना वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेत का? स्वस्थ बसलेल्या माणसाच्या दातांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट असते. दात टेकलेले असतील, खांदे कानांकडे चढलेले असतील, तर कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी जी डोकेदुखी संध्याकाळी येते तिचं एक मूळ तिथे असू शकतं. जबडा सैल सोडा, खांदे खाली आणा. दिवसातून दहादा करायची ही गोष्ट आहे आणि तिला पैसा लागत नाही.

पोटाचंही तसंच. ताणात आम्ल दरवेळी वाढतंच असं नाही. अन्ननलिका हळवी होते आणि तेवढंच आम्ल जास्त जाळतं. त्यात भर आपण घालतो. नको तो माणूस समोर यायला नको म्हणून डबा तसाच राहतो, त्याऐवजी चहावर चहा होतो, रात्री उशिरा पोटभर जेवण आणि लगेच अंथरूण. मग सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी, दुपारी डोकेदुखीची. इथे मला स्पष्ट बोलायला हवं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस, आणि मिश्र औषधांची गोळी दहा किंवा जास्त दिवस, असं महिनोन् महिने चाललं तर गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. शिवाय यातल्या बऱ्याच गोळ्या रिकाम्या पोटाला इजा करतात. डबा वेळेवर खा, हवं तर जागा बदलून. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास जाऊ द्या.

‘म्हणजे आमचं दुखणं मनाचं?’ असं कुणी विचारेल. नाही. जळजळ खरी, मान खरोखर आखडलेली. आणि सगळं ताणाच्या माथी मारण्याची चूक आम्ही डॉक्टरांनी पूर्वी केलेली आहे. पोटातला अल्सर काळजीने होतो असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जंतू दाखवून दिला, आणि 2005 साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणून ऑफिसात कितीही कटकट असली तरी काही खुणांना ताण म्हणू नका: काळी शौच, गिळायला त्रास, कारण नसताना घटलेलं वजन, एकाएकी उठलेली असह्य डोकेदुखी, हातपाय लुळे पडणं. छातीत दाब आणि घाम असेल तर ‘गॅस असेल’ म्हणत सोडा पीत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. त्रास देणारा मोकळा, आणि जबडा सैल सोडायचा आम्ही? हा राग रास्त आहे. लंडनच्या 6442 पुरुष सरकारी नोकरांच्या अभ्यासात, वरिष्ठ आपल्याशी न्यायाने वागतात असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात पुढच्या सुमारे नऊ वर्षांत हृदयविकाराचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने कमी आढळलं. अशा अभ्यासातून कारण पक्कं सिद्ध होत नाही, पण कार्यालय चालवणाऱ्यांनी तो नजरेआड करू नये. खांदे सैल सोडणं म्हणजे अन्याय सोसणं नव्हे. कुरकुर आणि छळ यांत फरक करा. लैंगिक छळ असेल तर 2013च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी; तक्रार लेखी द्या. मन फारच खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर लगेच फोन करा.

बाकीच्यांनी पुढचे दोन आठवडे एक वही ठेवा. कधी दुखलं, त्याआधी काय खाल्लं, किती झोप झाली, कोणती गोळी घेतली आणि त्या दिवशी कुणाशी काय झालं, एवढं रोज दोन ओळींत. पुढच्या वेळी दवाखान्यात येताना ती वही घेऊन या, शेवटच्या रकान्यासकट.