जाळीत आलेला मासा परत का सोडला?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंडला असतात. गेल्या ऑगस्टमध्ये एका मित्राच्या छोट्या बोटीतून ती दोघं कोलंबिया नदीच्या मुखाशी सॅमन गरवायला गेली होती. मुलीनं व्हिडिओ पाठवला. चांगला हातभर लांब मासा जाळीत आला, मित्रानं वाकून त्याची पाठ पाहिली आणि सरळ सोडून दिला! नंतर पिंजऱ्यात आलेल्या खेकड्यांतल्या माद्याही पाण्यात परत गेल्या. आमच्याकडे कुर्लीची मादी कुणी सोडेल का? त्यानं पाठीवर नेमकं काय पाहिलं? पुढच्या ऑगस्टला आम्ही नवरा-बायको तिकडे जाणार आहोत. काय काय पाहावं, तेही सांगा.
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : त्यानं पाहिला तो शेपटीच्या जरा अलीकडे, पाठीवर असणारा एक छोटा मांसल पर. अंगठ्याच्या पेराएवढा, आत काटा नसलेला. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेली पिल्लं बोटाएवढी असतानाच त्यांचा हा पर कापतात, आणि नीट कापला तर तो पुन्हा उगवत नाही. तो शाबूत असला की मासा नदीच्या पोटात, आपल्या आपण जन्मलेला आहे असं धरून चालायचं. केंद्रातला प्रत्येक मासा खुणेचा असतोच असं नाही, पण बोटीवर बसलेल्या माणसाला वाचता येईल अशी खूण हीच एक. व्हिडिओतला मासा बहुधा कोहो जातीचा असावा, कारण त्या मुखाशी पर कापलेलाच कोहो ठेवायची मुभा असते. चिनूक या मोठ्या सॅमनचे नियम दर वर्षी नव्यानं ठरतात आणि भर हंगामातही बदलतात. कधी कुठलाही चिनूक ठेवता येतो, कधी फक्त खुणेचा, तर कधी एकही नाही. (आपल्या हॉटेलांत ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून येतो तो रावस. त्याचं या माशाशी काही नातं नाही.)

आता हे सगळं नदीच्या मुखाशीच इतकं काटेकोर का, ते पाहू. कोलंबिया कॅनडात उगम पावते आणि सुमारे 2,000 किलोमीटर वाहत येऊन पॅसिफिकला मिळते. वाटेत तिला स्नेक, डेशूट्स, विलामेट, काउलिट्झ अशा नद्या मिळतात. सॅमन जन्मतो गोड्या पाण्यात, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला परततो तो आपल्याच ओढ्यात. पिल्लू असताना ओळखीचा झालेला पाण्याचा वास त्याला घरी नेतो. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्थर हॅसलर यांनी 1950 च्या दशकापासून प्रयोग करून हे दाखवून दिलं. अंडी घातली की पॅसिफिकमधले हे चिनूक आणि कोहो मरतात. म्हणजे परतीची वाट त्यांना आयुष्यात एकदाच चालायची असते.

वर, एखाद्या उपनदीत उभं राहून गरवलं, तर मासा कुठल्या घरचा हे ठाऊक असतं. मुखाशी मात्र सगळी घराणी एकाच पाण्यात मिसळलेली असतात. कोलंबियाच्याच हॅनफर्ड भागात जन्मणारा शरद ऋतूतला चिनूक आजही चांगल्या संख्येनं येतो. स्नेक नदीतला त्याच हंगामातला चिनूक इतका घटला, की 1992 पासून त्याला धोक्यातल्या जातींच्या कायद्याचं संरक्षण आहे. गळाला लागल्यावर दोघं सारखेच दिसतात. म्हणून हंगामाचा हिशेब सर्वांत दुबळ्या घराण्याकडे पाहून मांडावा लागतो. सोडलेल्या माशांपैकी काही दमून मरतात, आणि तेही अंदाजानं त्या हिशेबात धरलेले असतात. धक्क्यावर परतलात की राज्य सरकारची माणसं मासे मोजतील, एक यंत्र माशाच्या नाकाडावरून फिरवतील. केंद्रातल्या काही पिल्लांच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची तार टोचलेली असते. तिच्यावरच्या खुणेवरून मासा कुठल्या केंद्रातून, कुठल्या वर्षी सोडला ते कळतं.

आजची बरीचशी मत्स्यबीज केंद्रं आली ती धरणांमुळे. बॉनव्हिल धरण 1938 मध्ये सुरू झालं. त्याला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट ठेवलेली आहे, आणि पाण्याखालच्या काचेतून माणसं वर जाणारा एकेक मासा मोजतात. पोर्टलंडहून ते तासाभराच्या आत आहे. वेळ काढून ती काच अवश्य पाहा. पुढे आलेल्या ग्रँड कूली धरणाला अशी वाट ठेवलीच नाही, आणि त्याच्या वरची सगळी नदी सॅमनला कायमची बंद झाली. गोरे लोक येण्याआधी या नदीत वर्षाला अंदाजे 1 ते 1.6 कोटी मासे परतत असत. 1866 मध्ये नदीवर डबाबंद सॅमनचा पहिला कारखाना निघाला, पाठोपाठ डझनांनी निघाले. अति मासेमारी, लाकूडतोड आणि धरणं या तिन्हींनी मिळून नदी रिकामी करत आणली.

या नदीकाठच्या मूळ लोकांविषयी बोलल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होणार नाही. याकामा, युमाटिला, वॉर्म स्प्रिंग्ज आणि नेझ पर्स या जमातींनी 1855 च्या करारांत जमीन दिली, पण आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला. तो हक्क शंभराहून अधिक वर्षं नीट पाळला गेला नाही. याच नदीवरच्या सिलायलो धबधब्याशी हे लोक हजारो वर्षं मचाणांवरून हातजाळ्यानं सॅमन धरत आले होते. 10 मार्च 1957 रोजी द डॅल्स धरणाचं पाणी चढलं आणि ती जागा काही तासांत बुडाली. 1969 मध्ये न्यायमूर्ती रॉबर्ट बेलोनी यांनी या जमातींना माशांचा न्याय्य वाटा दिलाच पाहिजे असा निकाल दिला. 1974 मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या खटल्यात तो वाटा निम्म्यापर्यंत नेला. आज हौशी बोटींना किती मासे मिळणार, हे ठरवताना हा वाटा आधी मोजतात.

आणि मुखाशी राहणारे चिनूक लोक? ज्यांचं नाव त्या माशाला दिलं, त्यांच्याशी 1851 मध्ये झालेल्या कराराला अमेरिकी सेनेटनं मंजुरीच दिली नाही. 2001 मध्ये त्यांना सरकारी मान्यता मिळाली आणि दीड वर्षात काढून घेतली गेली. त्यामुळे करारातला मासेमारीचा हक्क त्यांच्या वाट्याला आलाच नाही. मला ही या नदीची सर्वांत दुखरी गोष्ट वाटते. मुखाजवळच्या अस्टोरिया शहराला जाल तेव्हा पलीकडच्या काठावरची चिनूक नावाची वस्तीही पाहून या.

प्रत्यक्ष गरवण्याकडे वळू. मुखाशी 10 क्रमांकाचा तांबडा बोया आहे. त्याच्या आत नदीचे नियम, बाहेर समुद्राचे. ऑगस्टमध्ये हा बोया आणि अस्टोरियाचा लांबलचक पूल यांच्यामध्ये शेकडो छोट्या बोटी असतात. ओहोटी संपत आली की त्या बोयाकडे उतरतात, आणि भरती लागली की तिच्याबरोबर वर सरकतात, कारण समुद्रातून ताजा मासा भरतीबरोबर आत शिरतो. गोड्या पाण्यात पुरता शिरल्यावर सॅमन खाणं सोडतो. इथे अजून त्याच्या तोंडाला समुद्राची भूक असते. गळाला हेरिंग लावतात. हा आपल्या तारलीच्या कुळातला मासा. त्याचं डोकं तिरकं कापतात, म्हणजे ओढताना तो जखमी माशासारखा गिरक्या घेतो. त्याच्या पुढे एक चकाकती पाटी. चिनूक तळाशी चालतो, कोहो वरच्या थरात. हंगाम खुला असला तरी न ठेवायचा मासा जाळीत, पाण्यातच ठेवून पाहतात आणि गळ काढून देतात. फोटोसाठी तो वर उचलणं टाळावं.

वेंगुर्ल्याच्या माणसाला ओहोटीचा धाक शिकवायला नको, पण इथली ओहोटी फार वेगळ्या ताकदीची आहे. एवढ्या मोठ्या नदीचं पाणी आणि उतरती भरती एकत्र बाहेर धावतात आणि पॅसिफिकच्या लाटांना तोंडावरच्या वाळूच्या बांधावर भिडतात. लाटा उभ्या राहून फुटतात. अमेरिकी कप्तान रॉबर्ट ग्रे 1792 मध्ये जहाज घेऊन हा बांध ओलांडून आत आला. तेव्हापासून इथे सुमारे 2,000 लहानमोठी जहाजं बुडाली आहेत. दोन्ही बाजूंना दगडी बंधारे घातले तरी धोका संपलेला नाही. खवळलेल्या पाण्यात बचावनौका चालवायचं शिक्षण देणारी अमेरिकी तटरक्षक दलाची शाळा याच मुखाशी, केप डिसअपॉइंटमेंटला आहे. छोट्या बोटीला खरी भीती असते ती ओहोटीला इंजिन बंद पडण्याची, कारण मग नदी बोट थेट त्या बांधाकडे नेते. जावयांना सांगा, नांगर आणि पुरेसा लांब दोर हाताशी ठेवा, आणि जीवरक्षक जाकीट बाकाखाली नाही, अंगावर असू द्या.

राहिले खेकडे. हे डन्जनेस जातीचे. ओरेगनात फक्त नर ठेवता येतो, तोही पाठीवर किमान पावणेसहा इंच रुंद, माणशी दिवसाला 12. नर-मादी ओळखायची रीत तुम्हाला येते तीच : पोटाखालची झडप नराची अरुंद, मादीची रुंद. नर त्या मापाला पोचण्याआधीच वयात येतो आणि त्याचा जोडा लागून गेलेला असतो. मादी एका वेळी दहा ते पंचवीस लाख अंडी पोटाखाली बाळगते. त्यामुळे मोठे नर भरपूर काढले तरी पुढची पिढी बुडत नाही. भरलेल्या मादीला आपल्या बाजारात भाव जास्त मिळतो हे मला माहीत आहे, तरी आपल्या खाड्यांना असा नियम असावा असं मला मनापासून वाटतं. पिंजऱ्याचं झाकण तिथे सुती दोरीनं बांधतात. पिंजरा पाण्यात हरवला तर दोरी कुजते, झाकण उघडतं आणि आतले खेकडे उपाशी मरत नाहीत. नदीचं गोडं पाणी या खेकड्यांना मानवत नाही, म्हणून भरती भरून पाणी थबकतं तेव्हा पिंजरे टाकणं उत्तम.

परवाने किमान दोन लागतील, माशांचा वेगळा आणि खेकड्यांचा वेगळा. पाहुण्यांनाही ते काढावे लागतात. ऑगस्टमध्ये पुष्कळ नर खेकड्यांनी नुकतीच कात टाकलेली असते. माप पुरेसं असलं तरी पायाचा जाड भाग दोन बोटांत दाबून पाहा. दबला तर आत मांस थोडं आणि पाणी जास्त, तो सोडून द्या. कडक निघाला तर ठेवा. तुमच्या मसाल्याला तो उतरेल, फक्त कवच आपल्या कुर्लीपेक्षा पातळ असतं, तेव्हा जास्त वेळ शिजवू नका.